अमेरिकेत शिकताना कॅम्पसवरची नोकरी: कोणाला करता येते, किती तास आणि कुठल्या कागदावर

ऑगस्टच्या प्रवेशासाठी निघणाऱ्या मुलांच्या घरी जून-जुलैत एक प्रश्न हमखास निघतो. लोन मंजूर झालेलं असतं, तिकीट काढलेलं असतं, बॅगेचं वजन तीनदा करून झालेलं असतं, आणि मग आई किंवा बाबा विचारतात, "तिकडे कॅम्पसवर काम मिळेल ना गं? म्हणजे जेवणाखाण्याचा तरी खर्च निघेल." कोथरूडमध्ये आम्ही काही जण मिळून अशा मुलांना कागदपत्रं समजावून सांगतो. फीपेक्षा, थंडीपेक्षा हा प्रश्न जास्त वेळा येतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर त्याची जी उत्तरं फिरतात त्यांतली बरीचशी अर्धवट असतात. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. कॅम्पसवर काम करता येईल की नाही, हे तुमच्या गरजेवर किंवा हुशारीवर ठरण्याच्या आधी तुमच्या हातातल्या कागदावर ठरतं. म्हणून सुरुवात तिथून.

पायरी पहिली: तुम्ही नक्की कोण आहात ते पाहा

बाणेर-औंध-वाकडमध्ये अशी कितीतरी घरं आहेत, जिथे आई-वडील काही वर्षं अमेरिकेत होते, मूल तिथे जन्मलं आणि मग सगळे पुण्याला परत आले. मूल शाळा इथे शिकलं, मराठी बोलतं, गणपतीत ढोल वाजवतं, पण पासपोर्ट अमेरिकेचा. त्याची कोथरूडला वाढलेली चुलत बहीण भारतीय पासपोर्टवर एफ-१, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा घेऊन त्याच विद्यापीठात गेली, तर दोघं एकाच ग्रंथालयात एकाच टेबलामागे बसून काम करू शकतात. दोघांना लागू होणारे नियम मात्र वेगळे. तो तिथे देशी, म्हणजे अमेरिकेचाच विद्यार्थी, ती आंतरराष्ट्रीय.

तुम्ही कुठे बसता, ते असं ओळखा:

- अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असेल, तर कामाच्या बाबतीत तुम्ही देशी. भारतात काढलेलं ओसीआय कार्ड इथल्या सोयीसाठी आहे, तिथे पासपोर्टच चालतो.
- एफ-१ वर असाल, तर आंतरराष्ट्रीय. कॅम्पसवर काम करता येतं, पण मर्यादेत.
- जे-१, म्हणजे देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर असाल, तर काम सुरू करण्याआधी तुमच्या प्रायोजक संस्थेच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. आधी काम आणि मग परवानगी असं चालत नाही.
- एफ-२ म्हणजे विद्यार्थ्याचा नवरा किंवा बायको. यांना कुठलीच नोकरी करता येत नाही, कॅम्पसवरचीसुद्धा नाही.
- एच-४ वरची मुलं, म्हणजे ज्यांचे आई-वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर तिथेच कामाला आहेत. ही मुलं तिथल्याच शाळेत शिकलेली असतात, त्यामुळे आपण देशीच आहोत असं त्यांना मनापासून वाटतं. पण एच-४ वर असताना कॅम्पसवर पगारी काम करता येत नाही.

शेवटच्या गटातल्या मुलांचे पालक पुण्यातल्या नातेवाइकांमार्फत विचारतात, "पोरगं दहा वर्षं तिथे आहे, मग का नाही?" राहिलेली वर्षं इथे मोजली जात नाहीत. व्हिसाचा प्रकार मोजला जातो.

देशी विद्यार्थ्यांसाठी: वर्क-स्टडी

अमेरिकी पासपोर्ट घेऊन पुण्याहून परत जाणाऱ्या मुलांना बऱ्याचदा हे कोणी सांगतच नाही. फेडरल वर्क-स्टडी नावाची सरकारी योजना १९६४ पासून आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणारी 'कमवा व शिका' योजना ज्यांना माहीत आहे, त्यांना हिचा गाभा लगेच कळेल: ज्याला आर्थिक गरज आहे त्याला शिकता शिकता तासावर काम. पगाराचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलतं, उरलेला विद्यापीठ किंवा काम देणारी संस्था.

यासाठी फाफ्सा हा सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज दर वर्षी भरावा लागतो. पुढच्या शैक्षणिक वर्षाचा अर्ज साधारणपणे आधीच्या ऑक्टोबरमध्ये उघडतो. प्रत्येक विद्यापीठाला या योजनेचा ठरावीक निधीच मिळतो, म्हणून लवकर भरलेला बरा. पदवीच्या विद्यार्थ्याला आई-वडिलांचं उत्पन्न दाखवावं लागतं, आणि ते पुण्यात रुपयांत मिळवलेलं असलं तरी डॉलरमध्ये बदलून दाखवायचं असतं. पालकांकडे अमेरिकेचा सोशल सिक्युरिटी नंबर नसला, तरी अर्ज भरता येतो. मास्टर्सला जाणाऱ्याला फाफ्सा स्वतंत्र धरतो, त्यामुळे पालकांचं उत्पन्न तिथे येतच नाही.

मंजुरीच्या पत्रात वर्क-स्टडीची एक रक्कम लिहिलेली असते. ती हातात मिळत नाही. तेवढी रक्कम काम करून कमवायची मुभा असते, आणि काम शोधायचं आपणच. काम केलं नाही तर ती रक्कम तशीच जाते.

वर्क-स्टडी मिळाली नाही, तरी नागरिकाला आणि ग्रीन कार्डवाल्याला विद्यापीठातलं इतर कुठलंही काम करता येतं, बाहेरही करता येतं. व्हिसाची तासांची मर्यादा त्यांना नाही. विद्यापीठाची स्वतःची मर्यादा असू शकते, ती विचारून घ्यावी. आणि हो, घरातल्या लॉकरमध्ये जन्माच्या वेळचं सोशल सिक्युरिटी कार्ड कुठे ठेवलं आहे, ते जुलैतच शोधा.

एफ-१ वाल्यांसाठी: वीस तास

आता मोठा गट. एफ-१ वर कॅम्पसवर काम करायला इमिग्रेशन खात्याची वेगळी परवानगी किंवा वेगळं कार्ड लागत नाही. अट अशी की तुमचा दर्जा वैध हवा, म्हणजे पूर्ण वेळ विद्यार्थी म्हणून नोंदणी हवी. पदवीला हे सहसा सत्रात बारा क्रेडिट असतं, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी नऊ. मध्येच विषय सोडून क्रेडिट कमी केलंत, तर प्रश्न नोकरीपुरता राहत नाही, व्हिसाच्या दर्जावर येतो.

सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास. या वीस तासांबद्दल जितके घोळ होतात, तितके दुसऱ्या कशाबद्दल होत नाहीत, म्हणून इथे थोडं थांबते.

वीस तास सगळ्या कामांचे मिळून आहेत. ग्रंथालयात बारा आणि मेसमध्ये दहा, म्हणजे बावीस, म्हणजे नियमभंग. सरासरीही चालत नाही. परीक्षेच्या आठवड्यात पंधरा केले म्हणून पुढच्या आठवड्यात पंचवीस करता येत नाहीत. मेसचा मॅनेजर रविवारी रात्री म्हणतो, "एक मुलगा आला नाही, तू दोन तास जास्त थांबशील का?" मनाने चांगला असतो, त्याला तुमचा व्हिसा माहीत नसतो. तास मोजायची जबाबदारी तुमची. फोनमध्ये एक साधी नोंद ठेवा: तारीख, कुठे, किती ते किती. तुमचं विद्यापीठ आठवडा कोणत्या वारापासून मोजतं, तेही पहिल्याच दिवशी विचारा.

टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली असेल, तर ती बहुधा वीस तासांचीच धरलेली असते. मग तुमचा कोटा भरला. वर मेसमधला एक तासही नको.

उन्हाळ्याच्या आणि हिवाळ्याच्या सुट्टीत पूर्ण वेळ काम करता येतं, पण तुम्ही पात्र असायला हवं आणि पुढच्या सत्राला येणार असायला हवं. शेवटचं सत्र संपलं आणि आय-२० वरची (प्रवेश मिळाल्यावर विद्यापीठ देतं आणि ज्यावर एफ-१ व्हिसा मिळतो तो कागद) कार्यक्रम संपण्याची तारीख आली, की कॅम्पसवरचं काम त्याच दिवशी थांबतं. त्यानंतरचे साठ दिवस देशात राहायला मिळतात, काम करायला नाही.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: आय-२० वर कार्यक्रम सुरू होण्याची जी तारीख असते, तिच्या आधी तीस दिवसांपेक्षा लवकर काम सुरू करता येत नाही.

'कॅम्पसवर' म्हणजे कुठे?

विद्यापीठ ज्याचा पगार देतं, ते काम अर्थातच चालतं: ग्रंथालय, मेस, जिमचा काउंटर, कॉम्प्युटर लॅब, पेपर तपासणं, शिकवणी, प्रयोगशाळा. विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्यांना सेवा देणाऱ्या खासगी दुकानातही चालतं, उदाहरणार्थ आवारातलं पुस्तकांचं दुकान किंवा कॉफीचं आउटलेट. पण आवारात इमारत बांधणारी कंत्राटदार कंपनी आवारात असली तरी त्यात बसत नाही, कारण ती विद्यार्थ्यांना सेवा देत नाही. रस्त्यापलीकडचं, अगदी गेटसमोरचं रेस्टॉरंट कॅम्पस नव्हे. शंका असली तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात मेल करून विचारा. तिथे डीएसओ नावाचा अधिकारी असतो, आणि तुमच्या व्हिसाच्या नोंदी त्याच्याच हातात असतात. सीनियरचं मत ऐका, पण निर्णय डीएसओच्या मेलवर घ्या.

पायरी दुसरी: काम शोधणं

बहुतेक विद्यापीठांचं नोकऱ्यांचं पोर्टल असतं, बऱ्याच ठिकाणी ते हँडशेक नावाच्या वेबसाइटवर चालतं. विद्यापीठाचा मेल आयडी मिळाला की पुण्यातूनच खातं उघडा. ज्या जाहिरातीवर 'फक्त वर्क-स्टडी' असं लिहिलं असेल, ती एफ-१ वाल्यांनी सोडून द्यायची, तिच्यावर वेळ घालवू नका. विभागाच्या स्वतःच्या पैशांतून होणाऱ्या नेमणुका तुमच्यासाठी खुल्या असतात.

मेस आणि डायनिंग हॉलमध्ये सत्राच्या सुरुवातीला सगळ्यात जास्त भरती होते. तिथे काम करण्यात कमीपणा मानू नका. फर्ग्युसन किंवा बीएमसीसीत असताना आपण हॉटेलात कधी भांडी उचलली नसतील, पण तिथे प्राध्यापकाचा मुलगाही उचलतो. ग्रेडर आणि लॅबमधली कामं प्राध्यापकांना भेटून, त्यांच्या विषयात चांगले गुण मिळवून दुसऱ्या सत्रात मिळतात. बऱ्याच विभागांना किमान ग्रेडही लागते.

बायोडेटा एका पानाचा करा. आपल्याकडे कॉलेजच्या बायोडेटात फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती आणि खाली 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही असते. ते सगळं काढा. त्याऐवजी आठवड्यातले कोणते तास तुम्ही मोकळे आहात, ते स्पष्ट लिहा. मेसच्या मॅनेजरला तेच आधी पाहायचं असतं.

पायरी तिसरी: सोशल सिक्युरिटी नंबर

हा नंबर नोकरी मिळाल्यावर काढायचा असतो, आधी नाही. क्रम असा: काम मिळालं की विभागाकडून पत्र घ्यायचं, त्यात कामाचं स्वरूप, सुरू होण्याची तारीख, आठवड्याचे तास आणि वरिष्ठाचं नाव हवं. ते दाखवून डीएसओकडून दुसरं पत्र घ्यायचं. मग ही दोन पत्रं, पासपोर्ट, आय-२० आणि आय-९४ ची प्रत घेऊन सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात जायचं. देशात येऊन दहा दिवस झाल्यावर गेलेलं बरं, म्हणजे तुमची नोंद त्यांच्या संगणकावर दिसते. आणि काम सुरू व्हायला तीस दिवसांहून जास्त वेळ असेल, तर ते अर्ज घेत नाहीत.

आय-९४ म्हणजे विमानतळावरच्या प्रवेशाची नोंद, ती कागदावर मिळत नाही, वेबसाइटवरून उतरवून घ्यायची असते. उतरल्यावर पहिल्या दोन दिवसांत उतरवा आणि त्यातलं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतं का ते पाहा. आपल्याकडे पासपोर्टवर मधलं नाव म्हणून वडिलांचं नाव असतं, काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना मोकळाच असतो. आय-२० वर एक, व्हिसावर दुसरं, असं झालं तर नंबर अडकतो. ही चूक जुलैत पुण्यात बसून पकडणं सगळ्यात सोपं.

नंबर यायच्या आधीही काम सुरू करता येतं, अर्ज केलेला असला की पुरे.

पायरी चौथी: पहिल्या दिवसाचे कागद

कामाच्या पहिल्या दिवसापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आय-९ फॉर्मची, म्हणजे तुम्हाला तिथे काम करता येतं की नाही याची पडताळणी व्हायला हवी. एफ-१ वाल्याने मूळ पासपोर्ट, मूळ आय-२० आणि आय-९४ ची छापलेली प्रत दाखवायची. मूळ म्हणजे मूळ, फोनमधला फोटो नाही. अमेरिकी पासपोर्टवाल्याला एकटा पासपोर्ट पुरतो.

दुसरा फॉर्म डब्ल्यू-४, कराच्या कपातीचा. एफ-१ वाल्याने त्यावर आपण अनिवासी असल्याचं नमूद करायचं असतं, देशी विद्यार्थ्यासारखा भरला तर कपात चुकते.

पगार आणि कर

केंद्राचं किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. कित्येक राज्यांत त्याहून बरंच जास्त आहे. समजा तुम्हाला तासाला १५ डॉलर मिळाले आणि तुम्ही वीस तास केलेत, तर आठवड्याला ३०० डॉलर, करकपातीच्या आधी. पंधरा आठवड्यांच्या सत्रात साडेचार हजार. किराणा आणि फोनबिल निघेल, काही गावांत भाड्याचा वाटाही निघेल. फी निघणार नाही.

पगाराच्या पहिल्या चिठ्ठीवर दोन ओळी शोधा: सोशल सिक्युरिटी ६.२ टक्के आणि मेडिकेअर १.४५ टक्के. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं हे दोन्ही लागत नाहीत. ऑगस्टमध्ये गेलात, तरी ते वर्ष पहिलं धरलं जातं. कपात झालेली दिसली तर आधी पगार विभागाकडे परत मागा.

भारतीयांसाठी एक खास सवलत आहे, आणि ती बऱ्याच मुलांना माहीत नसते. १९८९ च्या भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्याला अनिवासी असूनही स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. म्हणून रिटर्न भरताना १०४०-एनआर हा अनिवासींचा फॉर्म वापरा, अमेरिकी रूममेटचं सॉफ्टवेअर वापरू नका. बहुतेक विद्यापीठं अनिवासींसाठी वेगळं सॉफ्टवेअर देतात. पगार घेतला असेल तर मुदत १५ एप्रिल. काहीच कमाई नसली तरी ८८४३ हा फॉर्म भरायचाच.

'मावशींच्या ओळखीचे आहेत, रोख देतात'

यावर मला कळकळीने लिहायचं आहे. दर वर्षी कोणाच्या तरी ओळखीतून पेट्रोल पंपावर, मोटेलमध्ये किंवा रेस्टॉरंटमध्ये रोखीने काम करण्याचं आमंत्रण येतं. देणारा माणूस बहुधा आपलाच असतो आणि त्याला मदतच करायची असते. एकदा एका मुलीची आई आमच्याकडे बसली होती. मांडीवर प्लास्टिकची फाइल, त्यात बँकेचं पत्र, हप्त्याच्या आकड्याखाली पेनाने दोनदा रेघ ओढलेली. त्या म्हणाल्या, "ताई, महिन्याला दोनशे-तीनशे डॉलर रोख मिळाले तर कोणाला कळणार आहे?" त्यांचा प्रश्न लबाडीचा नव्हता, काळजीचा होता, आणि म्हणूनच त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

एफ-१ चा दर्जा इतर काही कारणांनी गेला, तर तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. पण परवानगीशिवाय काम केलं असेल, तर तो मार्गच बंद होतो. नियमातच तशी अट आहे. लाखांचं कर्ज काढून घेतलेलं शिक्षण मध्येच सोडून परत यावं लागतं, आणि पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जात त्याचं उत्तर द्यावं लागतं. दोनशे डॉलरसाठी हा धोका घेऊ नका, आणि आपल्या मुलाला तो घ्यायला लावू नका. जेवण पोहोचवणारी अ‍ॅपं, टॅक्सीची अ‍ॅपं, कोणाच्या घरी मुलं सांभाळणं, हे सगळं यातच येतं. पुण्यातल्या जुन्या कंपनीचं काम तिथे बसून लॅपटॉपवर करायचं असेल, तर आधी डीएसओला लेखी विचारा.

कॅम्पसबाहेर कायदेशीर काम करण्याचे रस्ते आहेत, पण ते सहसा पहिलं शैक्षणिक वर्ष झाल्यावर उघडतात: सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेलं प्रत्यक्ष काम, ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयातलं काम, आणि अचानक गंभीर आर्थिक अडचण आली तर वेगळा अर्ज. यांतल्या प्रत्येकाला आधी परवानगी लागते. बारा महिने पूर्ण वेळ सीपीटी केली तर त्या पातळीची ओपीटी हातची जाते. कॅम्पसवरच्या कामाने ओपीटीचा एक दिवसही कमी होत नाही.

निघण्याआधी घरी बसून

आय-२० मिळवताना पहिल्या वर्षाचा पूर्ण खर्च दाखवावा लागतो, त्यात कॅम्पसवरच्या संभाव्य नोकरीची कमाई धरता येत नाही. बीकेसीच्या वकिलातीत मुलाखतीला 'उरलेले पैसे तिथे काम करून उभे करीन' असं म्हणणं म्हणजे पैसे कमी आहेत हे स्वतःच सांगणं. घरच्या हिशोबातही पहिल्या सत्राची कमाई शून्य धरा. काही मुलांना ऑक्टोबरमध्ये काम मिळतं, काहींना जानेवारीत.

हाताच्या बॅगेत, चेक-इनच्या नव्हे, हे ठेवा: पासपोर्ट, सही केलेली आय-२०, व्हिसाच्या फीची पावती, प्रवेशपत्र आणि या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती. पुण्यातून निघण्याआधी डीएसओला एक छोटा मेल पाठवा. त्यात पूर्ण नाव, विद्यार्थी क्रमांक आणि चार प्रश्न: माझ्या विभागात वीसपेक्षा कमी तासांची मर्यादा आहे का, आठवडा कोणत्या वारापासून मोजता, पहिल्या सत्रात काम करायला तुमची काही वेगळी अट आहे का, आणि सोशल सिक्युरिटीच्या पत्रासाठी तुमचा अर्ज कुठे भरायचा. उत्तर आलं की त्याची प्रत काढून त्याच फाइलमध्ये घाला.